जोड कोण होती?

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचीला तायक्वांदोच्या एका स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले आणि त्यासाठी तिला एकही लढत खेळावी लागली नाही. तिच्या वजनगटात दुसरी कोणी मुलगी उतरलीच नव्हती. नाव पुकारले गेले, तिने मॅटवर जाऊन वाकून अभिवादन केले आणि पंचांनी तिचा हात वर केला. घरी पेढे आले. माझे वडील तरुणपणी तालमीच्या तांबड्या मातीत घुमलेले, त्यांनी पदक उलटसुलट करून पाहिले आणि नातीला एवढेच विचारले, "जोड कोण हुती?"

कोल्हापुरात या शब्दाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. मल्ल कितीही तयारीचा असला तरी तोलामोलाची जोड मिळाल्याखेरीज कुस्ती लागत नाही. शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले आणि पंजाबच्या मल्लांनाही इथे मान दिला, त्यामुळे इथल्या पोराला जोड शोधत मुलूखभर हिंडावे लागले नाही. तायक्वांदोच्या वाट्याला असे भाग्य फार थोड्या ठिकाणी आले आहे.

या खेळाचे तायक्वांदो हे नाव १९५५ मधले. सोलमध्ये १९७२ साली कुक्कीवॉन ही मुख्य संस्था उभी राहिली, पुढच्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला आणि कोरियन प्रशिक्षक देशोदेशी गेले. एक प्रशिक्षक आणि एक भाड्याचा हॉल एवढ्यावर खेळ सुरू होऊ शकतो, कारण त्याचा अर्धा भाग, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे पूमसे, एकट्याने करायचा असतो आणि पट्ट्याचा रंगही मुख्यतः परीक्षेवर बदलतो. उरलेला अर्धा भाग, म्हणजे प्रत्यक्ष लढतीचे क्योरुगी, मात्र समोर माणूस असल्याशिवाय होतच नाही. म्हणून खेळाडू कमी असलेल्या देशात पट्टे आधी पसरतात आणि लढवय्ये मागाहून येतात, कधी कधी येतही नाहीत. आपल्याकडे हा खेळ १९७० च्या दशकात आला, आज गल्लोगल्ली त्याचे वर्ग आहेत, तरीही पॅरिसपर्यंतच्या एकाही ऑलिम्पिकमध्ये भारताचा खेळाडू तायक्वांदोच्या मॅटवर उतरलेला नाही. टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये हरियाणाची अरुणा तंवर उतरली, हा त्यातला दिलासा. (परीक्षेचे शुल्क मात्र दर खेपेस वेळेवर मागितले जाते, हे भाचीचा मामा या नात्याने नोंदवून ठेवतो.)

मग ज्या देशांत खेळाडू आपल्याहूनही कमी, त्यांनी पदके कशी आणली? अफगाणिस्तानच्या रोहुल्ला निकपाईची हकीकत मला यासाठी महत्त्वाची वाटते. काबूलमध्ये शिकू लागलेला हा मुलगा यादवीमुळे कुटुंबासह इराणमध्ये निर्वासित झाला आणि तिथे अफगाण निर्वासितांच्या तायक्वांदो संघात आला. इराण हा या खेळातला बलाढ्य देश. हादी साई या त्यांच्या खेळाडूची दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके आहेत. घर सुटल्याचे दुःख मोठेच, पण जोडींचा दुष्काळ नसलेल्या मुलखात त्या मुलाचे पाय घडले, असे मी मानतो. पुढे काबूलला परतून त्याने २००८ मध्ये बीजिंगला ५८ किलो गटात कांस्यपदक मिळवले, जे अफगाणिस्तानचे पहिले ऑलिम्पिक पदक ठरले, आणि २०१२ मध्ये लंडनला ६८ किलो गटात दुसरे. त्याच लंडनमध्ये गॅबनच्या अँथनी ओबामेने अंतिम लढतीत इटलीच्या कार्लो मोल्फेत्ताशी ९-९ अशी बरोबरी केली, पंचांचा कौल विरुद्ध गेला आणि तरीही त्याच्या देशाला पहिले ऑलिम्पिक पदक मिळाले. जॉर्डनच्या अहमद अबुघौशने तर २०१६ मध्ये पहिलेच पदक सुवर्ण आणले.

यात नियमाचाही हात होता, आणि याची चर्चा फारशी होत नाही. सिडनी ते लंडन या चार ऑलिम्पिकमध्ये एका देशाला दोन पुरुष आणि दोन महिला एवढेच खेळाडू पाठवता येत. कोरियाने बीजिंगला चार पाठवले आणि चारही सुवर्णपदके नेली, पण एकूण गट आठ होते. उरलेल्या चारांत कोरियाचा माणूस नव्हताच. लहान देशांसाठी फट ठेवली गेली, पण त्या फटीतून आत शिरायला लागणारी तयारी बिनलढतीच्या पदकांनी होत नाही.

भाचीला हे सांगितले तेव्हा ती थोडी रुसली. पदक खरेच होते ना, असे तिचे म्हणणे. तिचे चुकले असे मला वाटत नाही, स्पर्धेत ती उतरली होती, न उतरणाऱ्या इतर मुली होत्या. मात्र आता दर रविवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघे मिरजेला जातो. तिथे तिच्याहून दोन किलोंनी जड अशी एक मुलगी सराव करते. पहिल्या तीन रविवारी भाची हरली, चौथ्या रविवारी तिने एक फेरी घेतली. संध्याकाळी घरी आल्यावर वडिलांनी निकाल विचारलाच नाही. ती मुलगी कुठल्या पायाने मारते, हे ते नातीकडून बारकाईने ऐकत बसले होते.