तुम्ही विचारलंत म्हणून : विक्री मंदावली की सूट द्यावी का?

छोटा व्यवसाय चालवणारी माणसे सल्ला विचारायला येतात, तेव्हा जाहिरात, कर्मचारी, समाजमाध्यमे अशी वळणे घेत बोलणे बहुधा एकाच प्रश्नावर येऊन थांबते : विक्री मंदावली आहे, तर काही दिवस सूट जाहीर करू का? मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही, कारण मला आधी एक आकडा हवा असतो. एक नग विकला गेल्यावर त्या नगापायी झालेला खर्च वजा जाता हाती किती उरते, हा तो आकडा. या खर्चात कच्चा माल, वेष्टन, वाहतूक आणि विक्रीवरचे कमिशन येते. जागेचे भाडे आणि मासिक पगार येत नाहीत, कारण ते विक्री झाली नाही तरी द्यावेच लागतात. महिन्याची उलाढाल तोंडपाठ असलेले मालकही या आकड्याशी अडखळतात.

समजा, 100 ला विकल्या जाणाऱ्या वस्तूमागे 70 खर्च होतात आणि 30 उरतात. 10 टक्के सूट दिली की 20 उरतात, म्हणजे पूर्वीइतकीच रक्कम हाती येण्यासाठी दीडपट नग विकावे लागतात. 20 टक्के सूट दिली की 10 उरतात आणि विक्री तिप्पट व्हावी लागते. सूट मोजली जाते विक्रीच्या किमतीवर, पण ती जाते सगळी उरणाऱ्या रकमेतून. ज्या व्यवसायात 100 मागे 60 उरतात, तिथे तीच 20 टक्के सूट दीडपट विक्रीने भरून निघते. त्यामुळे स्पर्धकाने दिलेली सूट आपल्यालाही परवडेल, असे गृहीत धरता येत नाही.

आता विक्री खरोखरच तिप्पट झाली, असे धरू. पूर्वी 70 घातले की 30 मिळत होते. तेच 30 मिळवण्यासाठी आता 210 घालावे लागतात. हे वाढीव भांडवल आणायचे कुठून, याचा विचार सहसा मागाहून होतो. माल उधारीवर उचलला तर देणे तिप्पट होते, त्याच माणसांवर तिप्पट काम पडते, चुका आणि परत येणारा माल वाढतो, आणि दारात गर्दी असूनही गल्ल्यात चणचण, अशी विचित्र अवस्था येते. हाच हिशेब उलटा करून पाहण्यासारखा आहे : किंमत 10 टक्क्यांनी वाढवली तर नगामागे 40 उरतात आणि एक चतुर्थांश विक्री घटली तरी हाती येणारी रक्कम तेवढीच राहते. प्रत्येकाने किंमत वाढवावी, असे मी म्हणत नाही. पण सुटीचा हिशेब करणाऱ्याने हाही करावा.

सुटीची सवय ग्राहकालाही लागते, आणि ती मोडणे महाग पडते. अमेरिकेतील जे. सी. पेनी या दुकानांच्या साखळीने 2012 मध्ये कूपन आणि सततचे सेल जवळजवळ बंद करून रोजच्या, ठरावीक किमती लावल्या. त्या एका वर्षात उलाढाल सुमारे एक चतुर्थांशाने घसरली आणि हे धोरण आणणारे मुख्याधिकारी रॉन जॉन्सन यांना एप्रिल 2013 मध्ये पद सोडावे लागले. त्या घसरणीला इतरही कारणे होती. तरीही वर्षानुवर्षे सुटीची वाट पाहायला शिकलेल्या गिऱ्हाइकाला पूर्ण किंमत रास्त वाटत नाही, हे त्यातून स्पष्ट दिसते. एवढ्या मोठ्या कंपनीला जे पेलले नाही, ते छोट्या व्यावसायिकाने अंगावर घेऊ नये.

मग सूट कधीच देऊ नये का? द्यावी, पण कारण असेल तेव्हा. हंगाम संपत आलेला किंवा मुदत जवळ आलेला माल पडून राहण्यापेक्षा कमी किमतीत गेलेला बरा, कारण त्याचा खर्च होऊन गेलेला असतो. सेवा देणाऱ्यांच्या रिकाम्या वेळेलाही हेच लागू आहे. अमेरिकन एअरलाइन्सने 1985 मध्ये स्वस्त तिकिटे काढली, तेव्हा ती बऱ्याच आधी काढण्याची अट घातली. त्यामुळे ऐनवेळी प्रवास ठरवणारे व्यावसायिक प्रवासी पूर्ण भाडे देत राहिले आणि एरवी रिकाम्या जाणाऱ्या खुर्च्या भरल्या. स्वस्तात घेणारा आणि पूर्ण किंमत देणारा यांना वेगळे ठेवणारी अट नसेल, तर जे एरवीही घेणारच होते तेच गिऱ्हाईक स्वस्तात घेऊन जाते, आणि टिकाऊ वस्तू असेल तर पुढच्या दोन महिन्यांची बेगमीही करून ठेवते.

उधारी लवकर वसूल व्हावी म्हणून दिली जाणारी सूट किरकोळ वाटते, पण ती नीट मोजावी. 30 दिवसांऐवजी 10 दिवसांत पैसे दिल्यास 2 टक्के सूट, ही व्यापारातील जुनी पद्धत आहे. इथे आपण 20 दिवस आधी मिळणाऱ्या 98 साठी 2 मोजतो. वर्षाच्या व्याजात हा दर सुमारे 37 टक्के पडतो. कर्ज याहून स्वस्त मिळत असेल, तर ही सूट फक्त वसुलीची खात्री नसलेल्या ग्राहकापुरती ठेवावी. उलट, पुरवठादार आपल्याला अशी सूट देत असेल तर ती सहसा सोडू नये.

व्यवस्थापनाच्या बाजूने माझा आग्रह एकाच गोष्टीचा असतो. जाहीर सुटीपेक्षा घासाघिशीत, तोंडी दिलेल्या सुटीतून पैसा अधिक गळतो, कारण ती कुठेच नोंदलेली नसते. विक्रीवर बसणाऱ्या प्रत्येकाला किती टक्क्यांपर्यंत सूट देता येईल, याची मर्यादा ठरवून द्यावी. त्यापुढे मालकाला विचारावे. आणि दिलेली प्रत्येक सूट बिलावर वेगळ्या ओळीत, कारणासह लिहावी. जाहीर सुटीची अखेरची तारीख आधीच छापावी आणि ती पाळावी. मग सूट दिलेल्या दिवसांच्या विक्रीचा आकडा एकटा न पाहता, त्याला त्यानंतरच्या तेवढ्याच दिवसांची विक्री जोडून पाहावी. दोन्ही मिळून नेहमीइतकीच विक्री भरली, तर नवे गिऱ्हाईक आले नाही, जुन्यानेच खरेदी अलीकडे ओढली, असे समजावे आणि पुढच्या वेळी सुटीचा विचार करण्याआधी लोक येतच नाहीत, की येऊन न घेता जातात, हे मोजायला घ्यावे.