कोपऱ्यातली अर्धी सही

जुनी पेपरबॅक जमवणाऱ्याला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "एवढी सगळी वाचलीस?" खरं उत्तर दिलं की समोरचा माणूस जरा बिचकतो. नाही वाचली. वाचायला घेतलीच नव्हती. यातली कित्येक पुस्तकं धड उघडायचीही सोय नाही; जरा जास्त ताणलं की कण्यातला वाळलेला गोंद कटकन तडकतो आणि मधलं पान हातात येतं. ही पुस्तकं मी घेते ती त्यांच्या तोंडाकडे बघून. आणि एकदा तोंडाकडे बघायची खोड लागली की पुढचा प्रश्न काही चुकत नाही. हे चित्र काढलं कुणी?

ज्या माणसाने इंग्लंडात पेपरबॅकला प्रतिष्ठा मिळवून दिली त्याला मुखपृष्ठावर चित्रच नको होतं, ही एक गंमतच. ॲलन लेनने 1935 साली पेंग्विन सुरू केलं तेव्हा तीन आडवे पट्टे, मधल्या पांढऱ्या पट्ट्यात नाव, की झालं. कादंबरी नारिंगी, गुन्हेकथा हिरवी, चरित्र निळं. किंमत सहा पेन्स. रंगावरून विषय ओळखायची युक्ती जर्मनीतल्या अल्बट्रॉस मालिकेने 1932 मध्येच करून ठेवली होती, लेनने ती बिनदिक्कत उचलली. ती पुस्तकं कपाटात रांगेने फार देखणी दिसतात. पण सगळ्यांचा चेहरा एकच असेल तर त्या चेहऱ्यावर जीव जडायचा कसा? संग्राहक म्हणून माझं पेंग्विनशी नातं सोज्वळ आहे, एवढंच म्हणते.

खरी धमाल अमेरिकेत झाली. 1939 मध्ये रॉबर्ट डी ग्राफने 25 सेंटांत पॉकेट बुक्स आणली आणि ती पुस्तकांच्या दुकानांपुरती ठेवलीच नाहीत. वर्तमानपत्रांचे स्टॉल, औषधांची दुकानं, बसस्थानकं, सगळीकडे मासिकांच्या शेजारी ती तारेच्या स्टँडवर उभी राहिली. तिथे येणारं गिऱ्हाईक पुस्तकासाठी आलेलं नसतं. त्याला डोकेदुखीची गोळी हवी असते किंवा त्याची बस सुटायला दहा मिनिटं असतात. अशा माणसाला हटकायचं काम मुखपृष्ठाचं. मग एव्हन, पॉप्युलर लायब्ररी, डेल, बँटम अशी एकामागून एक कंपनी उतरली आणि प्रत्येकीला हटकणारी चित्रं हवी होती, तीही दर महिन्याला, ढिगाने. स्वस्त पल्प मासिकांसाठी रंगवणारे रुडॉल्फ बेलार्स्कींसारखे चित्रकार हळूहळू इकडे वळले. फाटक्या बाहीची बाई, दारातला पिस्तूलवाला, पार्श्वभूमीला पिवळा उजेड, ही भाषा ते मासिकांतूनच घेऊन आले होते.

चित्रकाराला बहुधा कादंबरी वाचायला सवड नसे. कथानकाचा गोषवारा मिळे, कधी संपादक एखादा प्रसंग सुचवी, आणि मुदत जवळ आलेली असे. त्यामुळे मुखपृष्ठावरची सोनेरी केसांची बाई आत शोधू नये. ती आत नसतेच. असली तर काळ्या केसांची असते, आणि तिसऱ्या प्रकरणात मेलेली असते. लोक याला फसवणूक म्हणतात. मला तसं वाटत नाही. कथा लेखकाची होती, पण स्टँडपाशी घालवलेली ती दहा मिनिटं चित्रकाराची होती, आणि त्याने आपली कथा तेवढ्यात पुरी केली. 1952 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या एका समितीने अश्लील वाङ्मयाची चौकशी करताना या मुखपृष्ठांवर आगपाखड केली. सरकारने एवढ्या बारकाईने मुखपृष्ठं पाहिल्याचं दुसरं उदाहरण सहसा सापडायचं नाही; संग्राहकांनी त्या समितीचे आभारच मानायला हवेत.

माझा सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे डेलची नकाशावाली पुस्तकं. ही 1943 पासून साधारण नऊ वर्षं निघाली, पाचशेच्या वर. आत्ता समोर एक आहे. पुढच्या बाजूला किल्लीचं भोक आणि त्यातून रोखून बघणारा एक डोळा, हे कंपनीचं चिन्ह. मुख्य चित्र एअरब्रशने, म्हणजे हवेच्या झोतात रंग फवारून, काढलेलं आहे, कुठेही रेषा नाही. रंग वाफेसारखे एकमेकांत उतरलेले. कवटी, दोर आणि बाईचा हातमोजा, तिन्ही हवेत तरंगतायत. उलटं केलं की मलपृष्ठभर घराचा नकाशा: छप्पर उचलून वरून पाहिलेल्या खोल्या, जिना, जेवणाचं टेबल, बागेकडे उघडणारं दार आणि प्रेत सापडलं ती जागा. आत पहिल्याच पानावर पात्रांची यादी, प्रत्येकाची एका ओळीत ओळख. खून होण्याआधीच वाचकाला घरभर हिंडवून आणलेलं. हे इतकं उदार काम आहे की कथा सुमार असली तरी माझी तक्रार नसते.

या पुस्तकांमागची माणसं शोधायला निघालं की पाऊल न्यूयॉर्कबाहेर पडतं. डेलची पुस्तकं विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन या गावी वेस्टर्न प्रिंटिंग नावाच्या छापखान्यात तयार होत. ती एअरब्रशची चित्रं पुष्कळशी तिथल्या जेराल्ड ग्रेगची, आणि कित्येक नकाशे रूथ बेल्यू या बाईंचे. मलपृष्ठावर त्यांचं नाव नाही. लेखकाचं नाव तीन-तीनदा छापलेलं, आणि जिने शेकडो खोल्यांची मापं बसवली तिला कोपऱ्यात दोन अक्षरांची जागा नाही. हे पाहिल्यावर हा छंद नुसता जमवण्याचा राहत नाही.

शोधायचं कसं? पहिली पायरी सही. ती बहुतेक वेळा खालच्या उजव्या कोपऱ्यात असते आणि तिथेच छापखान्याची कात्री फिरते. मूळ चित्र पुस्तकाच्या दुप्पट-तिप्पट मोठं, तैलरंगात किंवा गुआशमध्ये, म्हणजे दाट जलरंगात, बोर्डावर काढलेलं; ते छोटं करून, शीर्षकाला जागा करून, कडा कापून चार इंच रुंदीत बसवलेलं. सहीतली शेवटची तीन अक्षरं तेवढी वाचतात. भिंग लावावं तर आणखी पंचाईत. भिंगाखाली सही उरतच नाही, निळे, किरमिजी, पिवळे, काळे ठिपके उरतात. जितकं जवळ जावं तितकं नाव विरघळतं. इथे उलटं करावं लागतं, पुस्तक हातभर लांब धरून डोळे किलकिले करायचे.

सही नसेल तर तेच चित्र दुसरीकडे छापलंय का ते पाहायचं. अमेरिकेत वापरून झालेली चित्रं युरोपातले प्रकाशक स्वस्तात घेत आणि आपल्या भाषेतल्या भलत्याच कादंबरीवर लावत. तिथे कात्री वेगळ्या जागी चाललेली असते. इकडे कापली गेलेली सही तिकडे अख्खी सापडते, तेव्हा होणारा आनंद शेजारच्या माणसाला समजावून सांगण्याच्या भानगडीत पडू नये.

मॉडेलही माग देतात. चित्रकार आधी माणसं उभी करून फोटो काढत आणि त्यावरून रंगवत. स्टीव्ह हॉलंड नावाचा एक देखणा, रुंद जबड्याचा गृहस्थ 1960-70च्या दशकांत इतक्या मुखपृष्ठांवर आहे की एकदा ओळखला की पिच्छा सोडत नाही. काऊबॉय तो, हेर तो, सैनिक तो. जेम्स बामाने 1964 पासून बँटमसाठी डॉक सॅव्हेज या साहसकथांतल्या नायकाची जी मुखपृष्ठं रंगवली, त्यांतला फाटक्या शर्टातला नायकही तोच. एकाच स्टँडवर हा माणूस स्वतःवरच पिस्तूल रोखून उभा असल्याचं दृश्य तेव्हा नक्कीच दिसलं असेल.

आणि मग उरतो तो हात. घरातलं माणूस जिन्यावरच्या पावलांवरून ओळखू येतं, तसे काही हात सहीवाचून ओळखू येतात. जेम्स अवातींची सिग्नेट या पेपरबॅक कंपनीसाठी केलेली मुखपृष्ठं घ्या. तपकिरी उजेड, सोललेली भिंत, दाराच्या चौकटीत टेकलेली दमलेली माणसं. कुणी कुणाकडे बघत नाही. पिस्तूल नाही, किंकाळी नाही. तरी काहीतरी बिनसलंय हे लांबून कळतं. न्यू जर्सीतल्या रेड बँक गावात राहून त्यांनी हे सगळं केलं आणि पन्नाशीच्या दशकात निम्मा धंदा त्यांची नक्कल करत होता. रॉबर्ट मॅकगिनिस याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. लांबच लांब पायांच्या, थंड नजरेच्या, कुणाच्या बापाला न घाबरणाऱ्या बायका, आणि केसीन (दुधातल्या प्रथिनात कालवलेला) किंवा एग टेम्पेराचा (अंड्याच्या बलकात कालवलेला) तो कोरडा, नितळ रंग. बाराशेच्या वर मुखपृष्ठं, शिवाय बाँडपटांची पोस्टरं. 2025 मध्ये नव्याण्णवाव्या वर्षी गेले. आणि रिचर्ड पॉवर्स तर वेगळ्याच ग्रहावरचे. विज्ञानकथेच्या मुखपृष्ठावर अग्निबाण हवाच असं सगळे धरून चालले असताना बॅलंटाइन या प्रकाशनासाठी ते न सांगता येणारे आकार रंगवत होते, हाडासारखे, पाण्याखालच्या वनस्पतींसारखे. त्यांना ओळखायला भिंगाची गरज पडत नाही.

नेमकी इथेच सावध राहायला हवं. ज्या काळात निम्मे चित्रकार अवातींसारखं रंगवत होते, त्या काळातलं प्रत्येक तपकिरी चित्र अवातींच्या नावावर चढवणं सोपं आहे. विकणाऱ्याला ते हवंच असतं. नाव लागलं की किंमत वाढते. मग एकाने अंदाजाने लिहिलेलं नाव दुसरा खात्रीने लिहितो आणि तिसरा त्या दुसऱ्याचा दाखला देतो. माझ्या वहीत पुस्तकाच्या नावापुढे चित्रकाराचा रकाना आहे आणि त्यात प्रश्नचिन्हंच जास्त आहेत. ती मला खुपत नाहीत. चुकीचं नाव मात्र खुपतं, कारण त्यामुळे एक माणूस दुसऱ्यांदा पुसला जातो.

कागदाचं म्हणाल तर तो जाणारच आहे. स्वस्त लगद्याचा, आम्लाने भरलेला. कडांकडून पिवळा, मग तपकिरी, मग कुरकुरीत. पॉकेट बुक्सच्या जुन्या प्रतींवर सेलोफेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो आणि तो कोपऱ्यातून सुटायला लागतो. तो ओढावासा वाटतो. ओढू नये, शाईही सोबत येते.

पैशाच्या बाबतीत या मंडळींचं बहुतेक वेळा एकरकमी काम. मूळ चित्र प्रकाशकाकडे राही, गोदामात पडे, फेकलं जाई. फ्रँक फ्राझेटा हट्टाने मूळ चित्रं परत मागून घेई. आज त्या चित्रांना लाखो डॉलर येतात. इंग्रज लेखक-चित्रकार मर्विन पीकचा व्यवहार याच्या नेमका उलट. पॅन बुक्स या इंग्लंडातल्या पेपरबॅक कंपनीचं, बासरीवाल्या पॅन या ग्रीक देवाचं चिन्ह त्याने काढलेलं. सांगतात ते असं की त्याला दोन पर्याय होते: रोख दहा पौंड, नाहीतर प्रत्येक प्रतीमागे एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. त्याने कादंबरीकार ग्रॅहम ग्रीनला विचारलं. ग्रीन म्हणाला, पेपरबॅकचं हे खूळ काही टिकायचं नाही, रोख घे. पीकने दहा पौंड घेतले. तेव्हाच्या पौंडात 960 फार्दिंग होत, म्हणजे 9,600 प्रती खपल्या असत्या की हिशेब बरोबरीत. पॅनच्या एकेका पुस्तकाच्या पुढे दहा-दहा लाख प्रती गेल्या. अशा एकाच पुस्तकाचे हजारावर पौंड झाले असते. ग्रीनची स्वतःची पुस्तकं साठीच्या दशकापासून पेंग्विनमध्ये पॉल होगार्थच्या जलरंगांतल्या मुखपृष्ठांसह निघत राहिली. लेनची चित्रांबद्दलची नाराजी तोवर मागे पडली होती. आणि त्या पुस्तकांच्या मलपृष्ठावर होगार्थचं नाव चक्क छापलेलं आहे, शोधावं लागत नाही.