माजघरात एकदाचा अंधार पडला (वाडा सिरीज, अपडेट)

माजघर सुटलं! एआयकडून जुन्या वाड्याची चित्रं करून घेतोय, त्यात मागच्या अपडेटला तिथेच अडकलो होतो. सीन म्हटला तर साधा, रात्र, वर कडीपाट, कोनाड्यात एक कंदील, बाकी काळोख. पण प्रॉम्प्टमध्ये (एआयला दिलेल्या वर्णनात) डार्क लिहा, लो की लिहा, डीप शॅडोज लिहा, खोलीत कुठेतरी ट्यूबलाइट चालू असल्यासारखं दिसायचंच. आणि 'सिनेमॅटिक लाइटिंग' घातलं की संपलं, एकीकडे केशरी, दुसरीकडे मोरपंखी, वर धूर फुकट. तो शब्द मी आता हद्दपार केलाय.

कारण जुनंच, मॉडेल नॉइजमधून (ठिपक्यांच्या गोंधळातून) चित्र काढायला शिकतं, पण ट्रेनिंगच्या वेळी त्या नॉइजमध्ये मूळ इमेजचा अंश शिल्लक राहतो म्हणून मॉडेल सरासरी ब्राइटनेस मधोमध धरून बसतं. २०२३ मध्ये ऑफसेट नॉइज (ट्रेनिंगच्या नॉइजमध्ये अख्खं चित्र उजळ-काळं करणारा अंश मिसळायची युक्ती) निघालं ते यावरच. एसडीएक्सएल या इमेज मॉडेलचा ऑफसेट लोरा (मॉडेलला वरून जोडायची छोटी फाइल) लावला, काळं झालं पण कंदीलही मिणमिणता.

मग म्हटलं नुसत्या नॉइजपासून सुरुवातच नको. गिंप या फोटो एडिटरमध्ये काळा कॅनव्हास, कोनाड्याच्या जागी पिवळट ठिपका, खाली फिकट पट्टा, दणकून ब्लर, आणि ते कम्फीमध्ये (मॉडेल चालवायचं सॉफ्टवेअर) इमेज टू इमेजला, म्हणजे सुरुवातीचं चित्र म्हणून दिलं, डीनॉइज (ते चित्र किती बदलायचं तो आकडा) ०.८५ च्या आसपास. ०.९५ ला ट्यूबलाइट परत येते, ०.७ ला ठिपका ठिपकाच राहतो.

प्रॉम्प्टमध्ये लाइटचं नाव न घेता उजेड कुठे पोचतो तेवढंच लिहिलं: सारवलेल्या जमिनीवर हातभर, खांबाची एकच कड, तुळया जेमतेम, कोपरे काळे. कोनाड्याला 'निश' म्हटलं की आत मूर्ती बसतेच, म्हणून 'जाड मातीच्या भिंतीत चौकोनी खाच, आत फक्त कंदील'. आणि गंमत बघा, घंगाळाच्या काठावर उजेडाची बारीक रेघ आलीय, मी मागितलीच नव्हती! झूम करून करून बघतोय.

प्रॉम्प्टमध्ये केल्विनचे (प्रकाशाच्या रंगछटेचे) आकडे मात्र सोडा, २७०० लिहा नाहीतर ३२००, मला फरक दिसला नाही, 'रॉकेलचा कंदील' जास्त काम करतो.

पुढे चौकातली पहाट घेणार होतो, पण हे टाइप करतानाच डोक्यात आलं की ठिपका हाताने रंगवायचाच कशाला, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये साधे ठोकळे उभे करून एक पॉइंट लाइट ठेवला की लाइट मॅप (उजेड-सावलीचं चित्र) पण मिळेल आणि कंट्रोलनेटला (मॉडेलला खोलीची रचना धरून ठेवायला लावणारी जोडणी) डेप्थ, म्हणजे काय किती लांब आहे ते पण, कंदील सरकवला की सावल्याही बरोबर सरकतील. त्यामुळे चौक थांबला, आधी माजघराचे अजून दोन अँगल. कुणाकडे जुन्या वाड्याच्या तुळयांची मापं असतील तर टाका, माझं छत जरा जास्तच उंच वाटतंय.