शाळेत कोणतं झाड लावू, बाई?

जून लागला की फोन सुरू होतात. बहुतेक माझेच जुने विद्यार्थी, आता स्वतः गुरुजी झालेले. "बाई, वृक्षारोपण आहे. शाळेत कोणतं झाड लावू?" २०१९ साली सरकारनं ३३ कोटी झाडांचं लक्ष्य ठरवलं, तेव्हा तर एकसारखी विचारणा चालायची. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथीच्या पोरांना शिकवण्यात नोकरी सरली. माझं उत्तर या मंडळींना आधीपासून ठाऊक असतं, फक्त पटलेलं नसतं. मी म्हणते, चिंच लाव. मग पलीकडून हमखास येतं, "चिंच? शाळेत?"

आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून या खेपेला जरा सविस्तर सांगते.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं, किल्लारीच्या पट्ट्यातलं. गावातल्या शाळेला खोल्या दोन, आणि अंगणात एक चिंच. ती कुणी लावली हे गावात कुणालाच सांगता यायचं नाही. तिच्या आडव्या फांदीला तारेनं रुळाचा तुकडा बांधलेला होता, तीच आमची घंटा. बुंध्याभोवती दगडांचा ओबडधोबड पार. पहिलीचा वर्ग बारा महिने त्या पारावरच भरायचा, कारण वर्ग चार आणि खोल्या दोन हे गणित कोणत्याच गुरुजींना सुटलं नव्हतं.

या झाडाशी आमचं वर्षभर काही ना काही काम असायचं. चैत्रात कोवळा पाला यायचा, तांबूस आणि आंबट. तो ओरबाडून मिठाबरोबर खायचा. पावसाच्या तोंडाला फुलं यायची. पिवळसर पाकळ्या, त्यांवर लाल रेघा. इतकं नाजूक फूल एवढ्या दांडग्या झाडाला येतं, हे मोठ्यांना सहसा माहीत नसतं, कारण त्यांनी ते कधी जवळून पाहिलेलं नसतं. आम्ही पाहायचो आणि मग खायचो. दिवाळीच्या सुमारास हिरवे चपटे आकडे लटकायला लागत. दप्तरात तिखटमिठाची पुडी ठेवायची ती याच दिवसांत. संक्रांतीच्या पुढेमागे चिंच गाभुळायची. वरचं टरफल सुटं झालेलं, आत अर्धी हिरवी, अर्धी तपकिरी, आंबट की गोड ते ठरत नसलेली. माझ्या मते चिंचेची खरी चव तेवढे पंधरा दिवसच असते. पिकलेली चिंच आमटीला ठीक आहे.

पिकली की मात्र झाड आमचं राहायचं नाही. ग्रामपंचायत लिलाव करायची. ज्याचा लिलाव त्याची माणसं येऊन झोडपून न्यायची, आणि त्यांच्या मागे फिरून आम्ही पाल्यात राहिलेले आकडे वेचायचो. चिंचा फोडायचं काम गल्लीतल्या बायकांना मिळायचं. हात काळे व्हायचे, पण चार पैसे घरी यायचे. चिंचोके आम्हाला. दगडावर घासून, फोडून दोन दळं करायची. एक बाजू पांढरी, एक काळी. चार दळं टाकली की अष्टचंगाचं दान पडायचं. चारी पांढरी तर चार, चारी काळी तर आठ. दहापर्यंतची बेरीज मला पाटीवर जमायच्या आधी त्या पारावर जमली होती. उरलेले चिंचोके चुलीत भाजून खायचे. दातांची परीक्षाच ती.

१९७२च्या दुष्काळात मी शाळेत होते. विहिरी आटल्या, घरात मिलोची लाल ज्वारी आली, आणि सुकडी, म्हणजे दुष्काळात पोरांना मिळायचा तो कोरडा गोड खाऊ, वाटायची ती त्या पारावर. गावात हिरवं म्हणावं असं फार थोडं उरलं होतं. चिंच त्या थोड्यातली. तिचं सोटमूळ खोल जातं, त्यामुळे ती पाण्याची वाट बघत बसत नाही. तेव्हा हे काही मला कळत नव्हतं. सावली आहे आणि सुकडी मिळतेय, एवढंच कळायचं.

मग १९९३. ३० सप्टेंबरची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले, आणि चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली. आमच्याकडची घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छपराचा, मणामणाचा बोजा. माणसं मेली ती भूकंपानं कमी, भिंती आणि माळवदांखाली जास्त. त्या रात्रीचं मी इथं लिहिणार नाही. तेव्हा मी त्याच शाळेत शिक्षिका होते, हे मात्र सांगायला हवं.

शाळेची एक खोली पडली, दुसरीला हात जाईल एवढी भेग गेली. काही आठवड्यांनी शाळा सुरू करायची ठरलं, तेव्हा प्रश्न जागेचा नव्हताच. पोरं छपराखाली बसायला तयार नव्हती. पत्र्याची शेड उभी राहिली तरी आत यायची नाहीत. वारा आला आणि पत्रा वाजला की सगळी एकदम बाहेर. मधूनच जमीन पुन्हा हलायची. ती पोरं बसली ती चिंचेखाली. एकानं मला सांगितलं होतं, "बाई, हे पडत नाही." त्या थंडीत चारही वर्ग एका झाडाभोवती चार दिशांना तोंडं करून भरले. चौथीचे पाढे ऐकून पहिलीतल्या पोरांचे पाठ झाले. मी फळा बुंध्याला टेकवायचे. खडूवर बारीक पानं पडत राहायची. ऑक्टोबरात आकडे हिरवे होते. गणितात मणी नव्हते, तक्ते नव्हते, सगळं ढिगाऱ्यात गेलेलं. मग आकडे मोजले, त्यांतले चिंचोके मोजले, कोणत्या आकड्यात जास्त यावर पैजा लावल्या. पोरं हसली. भूकंपानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा.

पुढे पुनर्वसन झालं. भूकंपानंतर अनेक गावं सरसकट नव्या जागी बसवली गेली, त्यांत आमचंही. सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, पक्की घरं, शाळेला चांगल्या खोल्या. तक्रार करावी असं बांधकामात काही नव्हतं. पण उघड्या माळरानावर ते गाव उभं राहिलं आणि पहिल्या उन्हाळ्यात आमच्या लक्षात आलं की गावात सावलीच नाही. घर दोन-तीन वर्षांत बांधून होतं. चिंचेला तेवढ्या वेळात माणसाच्या उंचीपर्यंत आणता आलं तरी पुष्कळ. दुपारी म्हातारी माणसं जुन्या गावठाणात जाऊन बसायची, ती दर वेळी पडक्या घराच्या ओढीनं जायची असं नाही. बसायला तिथं झाड होतं.

नव्या शाळेत झाडं लावली आम्ही, नाही असं नाही. गुलमोहर लावला, लवकर वाढतो म्हणून. वाढलाही. पण ऐन मार्चमध्ये, जेव्हा सावली हवी, तेव्हा तो खराटा. फांद्या ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात कडाकड मोडायच्या. मूळचा मादागास्करचा म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही, चिंचही मूळची आफ्रिकेचीच. माझी तक्रार एवढीच की पोरांना गुलमोहराशी फारसं काही करता येत नाही. फुलातल्या तुऱ्यांची झुंज लावायची आणि शेंगांच्या तलवारी करायच्या, की संपलं. काशीद, सुबाभूळ, कुंपणाला लावलेले ते उंच अशोक यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. फोटोत छान दिसतात.

"मग वड का नको?" हेही कुणीतरी विचारतंच. रयत शिक्षण संस्थेचं बोधचिन्ह वटवृक्ष आहे, कर्मवीरांच्या संस्थेला ते शोभतंही. पण दहा-बारा गुंठ्यांच्या शाळेत वड लावला तर वीस वर्षांनी एक तर वड राहील नाही तर भिंत. गावाबाहेर, ओढ्याकाठी, देवळाजवळ खुशाल लावा.

चिंचेवरचे आक्षेप मला पाठ आहेत. भूत असतं, हा पहिला. चिंचेची पानं संध्याकाळी मिटतात, पानाच्या देठाशी फुगीर सांधा असतो त्यातलं पाणी कमीजास्त झालं की मिटतात-उघडतात. झाड असं गप्प झालेलं पाहून माणसांनी भूत बसवलं असावं, असा आपला माझा अंदाज. पण शाळा साडेपाचला सुटते, तेव्हा भुताची आणि आपली गाठ पडायचं कारण नाही. पोरं दगड मारतात, खिडक्या फुटतात, हा दुसरा. तो खरा आहे. झाड खिडक्यांपासून लांब लावा आणि फांदी हाताला येईल एवढी खाली राहू द्या, दगड निम्मे होतात. घसा धरतो, हा आयांचा आक्षेप. त्यांना ग्वाल्हेरला तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेची गोष्ट सांगते, गवई गळा सुधारावा म्हणून तिचा पाला चघळत. आया काही गप्प होत नाहीत. आणि शेवटचा, फार हळू वाढतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. हळूच वाढतं.

आमची जुनी चिंच गेली. आतून पोकळ झाली होती, एका वळवात अर्धी कोसळली, उरलेली लाकडाच्या भावानं विकली गेली. १९६४च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या यादीत चिंच आहे, तोडायला परवानगी लागते. ती रीतसर घेतली होती. चिंचेचं लाकूड चिवट, तेलाच्या घाण्याला आणि खाटकाच्या ठोकळ्याला चालतं. आमचं कुठं गेलं ते मी विचारलं नाही.

तर आता लावायचं कसं ते ऐका. पाच वर्षांत चिंचा हव्या असतील तर कलम घ्या. संभाजीनगरच्या फळ संशोधन केंद्राची 'प्रतिष्ठान' ही जात चांगली आहे. पण शाळेला मी बियांचंच झाड सांगेन. फळायला आठ-दहा वर्षं घेतं, मात्र उंच जातं आणि मूळ खोल धरतं. पिशवीतलं जुनं रोप नको, त्याचं सोटमूळ आत वेटोळं घालून बसलेलं असतं. पावसाळ्याच्या तोंडाला खड्डा भरून घ्या, चिंचोके रात्रभर भिजवा, चार टोचा आणि पुढे त्यातलं जोमदार एक ठेवा. मिठात घातलेल्या चिंचेतले चिंचोके घेऊ नका, उगवतीलच याचा भरवसा नाही. शेळ्यांसाठी काटेरी कुंपण पहिल्याच दिवशी.

शाळेतली झाडं मरतात ती बहुतेक मे महिन्यात. शाळा बंद, गुरुजी गावाला, पोरं मामाकडे. तेव्हा पहिल्या दोन-तीन उन्हाळी सुट्ट्यांत पाणी कोण घालणार, त्या घराचं नाव आधी ठरवा आणि मग खड्डा घ्या. शाळेला लागून असलेलं, म्हातारं माणूस घरी असलेलं घर सगळ्यात चांगलं. नाव मिळालं नाही, तर या वर्षी फोटोपुरता गुलमोहर लावा आणि पुढच्या जूनमध्ये मला फोन करा.