तुम्ही विचारलंत म्हणून : गिटार बनवून घर चालतं का?

हे काम शिकू पाहणारे असोत की नुसत्या कुतूहलाने वर्कशॉपमध्ये डोकावणारे, सगळ्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच असतो: यावर घर चालतं का? चालतं. पण निव्वळ नव्या गिटारी बनवून फार थोड्यांचं चालतं. ज्यांचं चालतं, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या टेबलावर आठवड्यातले दोन-तीन दिवस दुसऱ्यांच्या मोडक्या गिटारी असतात. असं का, ते तासांच्या हिशेबातून कळतं.

वर्षाचे ४८ आठवडे आणि आठवड्याचे ४० तास धरले तर १,९२० तास होतात. यातले सगळे लाकडावर पडत नाहीत. गिऱ्हाइकाशी बोलणं, लाकूड निवडणं, हत्यारांना धार लावणं, झाडलोट, हिशेब, फोटो, पॅकिंग यांत ४० टक्के सहज जातात. उरले सुमारे १,१५०. हात बसलेल्या माणसाला एका साध्या अकूस्टिक गिटारीला १०० ते १२० तास लागतात. शिंपल्याची नक्षी, कटअवे (खांद्यापाशी आत कापलेला आकार) वगैरे आलं की १५० च्या पुढे. म्हणजे एकट्याने वर्षाला नऊ-दहा गिटारी, त्याही काही बिघडलं नाही तर. नवख्याची तीच गिटार २०० तास खाते. तो पाच-सहाच्या वर जात नाही.

आता उलटीकडून मोजा. घरखर्च, जागेचं भाडं, वीज, विमा, कर, हत्यारांची झीज या सगळ्याची वर्षाची बेरीज करून तिला १,१५० ने भागा. येईल तो तुमचा तासाचा दर. त्याला गिटारीच्या तासांनी गुणा, सामानाचा खर्च मिळवा आणि वर पाचेक टक्के हमीच्या काळातल्या दुरुस्तीसाठी ठेवा. हा आकडा बघून धसकाच बसतो, म्हणून बरेच जण तो मांडतच नाहीत. ‘सामानाला इतके पडले, त्याच्या दुप्पट घेऊ’ अशी किंमत सांगून मोकळे होतात. हाताने बनवलेल्या गिटारीत सामानाचा वाटा लहान आणि तासांचा मोठा असतो. सामानाच्या दुपटीत तुमचे निम्मे तासही वसूल होत नाहीत.

तास वाचवायचे म्हणजे हात भराभर चालवायचा असं नाही. तास वाचतात ते साच्यांमुळे आणि एका घाण्यात तीन-चार गिटारी काढल्यामुळे. बाइंडिंगची (कडेने बसवायच्या पट्टीची) खाच पाडायला राउटर (खाचा कोरायचं यंत्र) नीट लावण्यात अर्धा तास जातो, प्रत्यक्ष खाच दहा मिनिटांत होते. तो अर्धा तास चार गिटारींवर वाटला जायला हवा. एकीचा सरस वाळेपर्यंत दुसरीच्या पट्ट्या वाकवून होतात. यासाठी मॉडेल मात्र ठरलेलं हवं. नवा आकार म्हणजे नवा मोल्ड, नवे टेम्पलेट, वाकवण्याचा नवा फर्मा; पहिली गिटार सुरू व्हायच्या आधीच २०-३० तास गेलेले असतात. दोन मॉडेल पक्की करा. कोणी सात तारांची किंवा तिरप्या फ्रेटची (फ्रेट म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीवरच्या धातूच्या आडव्या तारा) मागितली तर जरूर बनवा, फक्त हे तास बिलात दिसले पाहिजेत.

फ्रेटच्या खाचांचं उदाहरण घ्या. ६४८ मिलिमीटरच्या स्केलला (तारेच्या ठरवलेल्या लांबीला) १७.८१७ ने भागलं की पहिली फ्रेट नटपासून (तारा जिथून सुरू होतात त्या, डोक्याकडच्या पट्टीपासून) ३६.३७ मिलिमीटरवर येते. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचं, असं करत बारावी फ्रेट बरोबर ३२४ वर यायला हवी. पट्टी-पेन्सिलने हे आखायला अर्धा दिवस जातो आणि शेवटी एखादी खाच चुकतेच. एकदा अचूक टेम्पलेट करून घेतलं की पंधरा-वीस मिनिटांचं काम. सॅडल, म्हणजे फळीवर चिकटवलेल्या ब्रिज नावाच्या ठोकळ्यातली तारा टेकायची पट्टी, मात्र ६४८ वर ठेवायची नसते. बारीक तारेकडे ती २-३ आणि जाड तारेकडे ४-५ मिलिमीटर मागे सरकवावी लागते, कारण तार दाबताना ताणली जाते आणि सूर चढतो. ब्रिज चिकटवल्यावर हे लक्षात आलं तर तो काढण्यावाचून गत्यंतर नसतं.

खाचेची रुंदीही बघा. फ्रेटच्या तारेचं खाली जाणारं पातं साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं. खाच फारच घट्ट ठेवली तर वीस-एकवीस फ्रेट वीस-एकवीस पाचरींसारख्या काम करतात आणि नेक (गिटारीची मान) मागे झुकतो. मग ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा वाक बदलणारी सळी) कितीही सैल केला तरी नटजवळच्या फ्रेटवर तार झणझणत राहते.

जिथे तास वाचवू नयेत अशी जागा म्हणजे वरची फळी आणि तिच्या आतल्या ब्रेस, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या. स्टीलच्या तारांच्या गिटारीत स्प्रूसची (एका सूचिपर्णी लाकडाची) फळी साधारण २.५ ते २.९ मिलिमीटर ठेवतात. पण नुसता आकडा गाठून थांबणाऱ्याच्या गिटारी कधी छान वाजतात, कधी मठ्ठ, आणि का ते त्याला कळत नाही. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. २.८ ची फळी २.५ वर आणली तर जाडी घटते ११ टक्के, ताठपणा जवळपास ३० टक्के. ब्रेसचंही तेच. १२ मिलिमीटर उंचीची ब्रेस ११ वर आली की ताठपणा २३ टक्क्यांनी गेला. रुंदी ८ वरून ७ केली तर मात्र साडेबारा टक्केच जातो. म्हणून शेवटची छिलाई उंचीत करताना पटाशीचा एकेक पापुद्रा मोजून काढायचा, आणि नुसतं हलकं करायचं असेल तर बाजूंनी काढायचं. दोन स्प्रूसच्या फळ्या सारख्या दिसल्या तरी सारख्या ताठ नसतात. दोन टोकांवर फळी टेकवून मध्ये ठरावीक वजन ठेवा, किती वाकते ते मोजा आणि वहीत लिहा. वीस गिटारींची अशी वही झाली की कुठे थांबायचं ते तीच सांगते. फळीवर टिचकी मारून कान लावणं मला आवडतं, पण तेवढ्यावर मी विसंबत नाही.

बाजूच्या पट्ट्या २ मिलिमीटरच्या आसपास आणून साधारण १५० अंश सेल्सिअसवर वाकवतात. पाणी जेमतेम लावा. जास्त झालं की महोगनीसारख्या लाकडाच्या पट्टीला आडव्या लाटा पडतात, आणि त्या घासत बसाल तर पट्टी जागोजाग कागदासारखी होते. कमरेच्या वळणावर पट्टी मोडते ती बहुधा लाकडाची रेष तिरकी बाहेर निघाल्यामुळे. अशी पट्टी लाकूड निवडतानाच बाजूला काढायची.

नेकचा कोन हा पुढच्या भानगडींचा उगम. बाराव्या फ्रेटवर तार १ मिलिमीटर खाली आणायची तर सॅडल २ मिलिमीटर खाली घ्यावी लागते. सॅडल ब्रिजच्या वर तीनेक मिलिमीटरच असते, त्यामुळे कोन किंचित चुकला तरी घासायला काही उरत नाही. फ्रेटवर ठेवलेली सरळ पट्टी पुढे ब्रिजच्या माथ्याला जेमतेम टेकली पाहिजे. नेक बोल्टने बसवा, असा माझा आग्रह आहे. डव्हटेलवाल्यांना (नेक खाचेच्या सांध्यात सरसाने पक्का करणाऱ्यांना) ते पटत नाही. पण स्टीलच्या हलक्या तारांचा एकूण ताण ७०-७५ किलोचा असतो, आणि काही वर्षांनी कोन सुधारायची वेळ बहुतेक गिटारींवर येते. बोल्टचा नेक थोड्या वेळात सुटतो. डव्हटेलला वाफ देऊन जपून उपटण्यात दिवस जातो, आणि हमीच्या काळात तो दिवस तुमच्या खिशातला असतो.

परत येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ हवेतल्या ओलाव्यात सापडतं. लाकूड रेषेच्या आडवं फुगतं आणि आक्रसतं. ७० टक्के आर्द्रतेत जोडलेली गिटार ३५ टक्क्यांच्या खोलीत गेली की फळी खाली बसते, तार फ्रेटला लागते, फ्रेटची टोकं बोटांना टोचू लागतात आणि शेवटी फळीला उभी चीर जाते. म्हणून ब्रेस चिकटवायची खोली ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राखा. चांगला आर्द्रतामापक आणि हवा कोरडी करणारं यंत्र हे बँडसॉच्या आधी घ्या. बाहेर संततधार आणि खोलीचा काटा ६५ वर असेल, तर त्या दिवशी पॉलिश पेपर मारा, फर्मे बनवा, सरसाची बाटली उघडू नका.

फिनिशमध्ये हाताचे तास कमी जातात, पण कॅलेंडर अडतं. नायट्रोसेल्युलोज लॅकर शेवटच्या थरानंतर तीन-चार आठवडे वाळू द्यावं लागतं. घाईने बफिंग केलं तर महिन्याभरात फिनिश आत ओढलं जाऊन रेषा वर दिसू लागतात. लाखेचं पॉलिश पातळ आणि सुंदर बसतं, पण घामट हाताला टिकत नाही. गिऱ्हाइकाला तारीख देताना हे आठवडे धरा. ब्रिजखालचं फिनिश पूर्ण खरवडून लाकूड लाकडालाच चिकटलं पाहिजे. कडेला दोन मिलिमीटरची पट्टी राहून गेली तर ब्रिज तिथूनच उचलायला लागतो. उन्हात बंद गाडीत राहिलेल्या गिटारीचा ब्रिज नीट चिकटवलेला असला तरी सुटू शकतो, कारण उष्णतेने सरस मऊ पडतो. हमीपत्रात हे स्पष्ट लिहा.

आता दुरुस्ती. नव्या गिटारीचे पैसे महिन्यांनी पुरे होतात, दुरुस्तीचे त्याच आठवड्यात. सेट-अपला (तारांची उंची वगैरे जुळवून देण्याला) दीड-दोन तास: नेकचा पोटझुकाव (मध्ये ठेवायचा हलका खोलगटपणा) ०.१ ते ०.२५ मिलिमीटर, बाराव्या फ्रेटवर जाड तार २.५ आणि बारीक २ मिलिमीटरच्या आसपास, नायलॉनच्या तारांना त्याहून मिलिमीटरभर जास्त. पहिल्या दोन फ्रेटवर बोट दुखतं ही तक्रार बहुधा नटच्या खाचा उथळ असल्याची असते, आणि ते अर्ध्या तासाचं काम. सगळ्या फ्रेट बदलायला सहा ते आठ तास. चिरेला आतून स्प्रूसचे छोटे तुकडे आडव्या रेषेने लावायचे. इलेक्ट्रिक गिटार आली तर निम्म्या वेळा दोष जॅकच्या (केबल खोचायच्या भोकाच्या) ढिल्या, आट्यांच्या नटचा किंवा सोल्डरच्या तुटलेल्या टाक्याचा.

हे काम हलकं समजणारे चुकतात. आपली गिटार दहा वर्षांनी कुठे हरणार आहे, हे दुसऱ्यांच्या हरलेल्या गिटारी बघूनच कळतं. अंदाज मात्र जपून द्या. आधी कोणी सुपरग्लू किंवा इपॉक्सी ओतलेली असेल तर वेळ दुप्पट धरा, कारण जुना सरस ऊब दिल्यावर सुटतो, इपॉक्सी खरवडावी लागते. स्वस्त गिटारीचा नेक काढून बसवण्याचा खर्च तिच्या किमतीवर जात असेल तर ते तोंडावर सांगा. गिटार ताब्यात घेतानाच फोटो काढा, आधीच्या चिरा पावतीवर लिहा, आणि किती दिवसांत न्यायची तेही.

नव्या गिटारीची ऑर्डर घेताना ३० ते ४० टक्के आगाऊ घ्या आणि ती रक्कम वेगळी ठेवा. या धंद्यात बुडणाऱ्यांचा नेहमीचा रस्ता असा: नव्या गिऱ्हाइकाच्या आगाऊ रकमेवर जुन्याची गिटार पुरी करायची. प्रतीक्षायादी लांबत जाते, बाहेरून धंदा जोरात दिसतो आणि आत सगळे तास आधीच खर्च झालेले असतात.

लाकडाचे कागद जपा. ब्राझिलियन शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारात (संकटात असलेल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या करारात) १९९२ पासून जवळपास बंद आहे. २०१७ च्या जानेवारीत शिसवीच्या प्रजातीतल्या सगळ्याच जातींवर परवान्याची अट आली. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, ब्राझिलियन शिसवी वगळून. कच्च्या लाकडाला ही सूट नाही, म्हणून परदेशी गिऱ्हाइकासाठी कोणत्या गिटारीत कोणत्या पावतीचं लाकूड गेलं ते नोंदलेलं हवं. शिसवीच्या भुशाने कातडीला आणि श्वासाला ॲलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा जडली की पुढे वाढत जाऊ शकते. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे. यंत्रालाच जोडलेलं धूळ ओढणारं यंत्र आणि चांगला मास्क यांना पर्याय नाही.

नोकरी कधी सोडायची, हा ठरलेला पुढचा प्रश्न. नुसत्या दुरुस्तीतून जागेचं भाडं आणि वीज सलग वर्षभर निघत असेल, एका गिटारीचे तास १५० च्या खाली आले असतील, आणि पुढच्या दोन घाण्यांच्या ऑर्डरी आगाऊ रकमेसकट हातात असतील, तेव्हा. तोवर संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी काम करा, आणि पहिल्या चार-पाच गिटारी रोज कार्यक्रम करणाऱ्या वादकांना वापरायला द्या. थिकनेस सँडरसाठी (फळी घासून पातळ करणाऱ्या यंत्रासाठी) कर्ज काढू नका. महिन्यातून एकदा सुतारकामाच्या कारखान्यात तासाच्या भाड्याने फळ्या ३ मिलिमीटरपर्यंत उतरवून आणता येतात. तिथून खाली रंधा आणि स्क्रेपर पुरतो.