गरोदर आहे म्हटलं की वाट मोकळी

मार्चअखेरीस तांबी (कॉपर-टी) बसवून घ्यायची ठरलं होतं. लेक अजून अंगावर पीत होती. तोवर २५ मार्च २०२० ची टाळेबंदी लागली आणि उपकेंद्रातल्या सिस्टर होम क्वारंटाइनवाल्यांच्या मागे. हेही पुण्याहून घरी आलेले. मे महिन्यात मळमळायला लागलं. गावच्या आशा सेविका, आमच्या आशाताई, त्यांनी पदराआडून गरोदरपण तपासायचं निश्चय किट आणून दिलं. दोन रेघा.

आम्ही सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यातले. इस्लामपुरात सुरुवातीलाच रुग्ण सापडले, त्यामुळे इकडे धास्ती जास्त. नेहमीच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना बंद. मेडिकलवाले गर्भपाताच्या गोळ्या ठेवतच नाहीत, सरकारी तपासणीची कटकट नको म्हणून. सोनोग्राफी मिळेपर्यंत आठवा आठवडा सरत आला. गोळ्या नवव्यापर्यंतच चालतात, पुढे पिशवी साफ करावी लागते. तेव्हाच्या कायद्याने बारा आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचं मत लागायचं. केंद्राने एप्रिलमध्येच सुरक्षित गर्भपात अत्यावश्यक सेवांत धरला होता म्हणे. आमच्याकडे तो कागद कुणी वाचलेला दिसला नाही.

कराडला एक दवाखाना चालू होता. गाडीने फार लांब नाही, पण जिल्हा सातारा, म्हणजे पोलिसांचा ई-पास काढणं आलं. अर्जात कारण लिहायचं. हे म्हणाले, पोटदुखी लिही. मी लिहिलं. अर्ज नामंजूर. आशाताई हसल्या. ‘गरोदर, तातडीची तपासणी, असं लिहा. गरोदर बाईला कोण अडवतंय?’ पास आला. हद्दीवरच्या हवालदारांनी पास बघून यांना बजावलं, ‘गाडी हळू घ्या, ताईंना धक्के बसतील.’ आम्ही दोघं मान डोलावून पुढे.

कराडला आधी कोविडचा अहवाल मागितला. तो येईपर्यंत नववा आठवडा गेला, गोळ्यांचा मार्ग बंद. मग काउंटरवरची मुलगी म्हणाली, मिस्टरांची सही लागेल. नातेवाइकांना आत बंदी, मिस्टर रस्त्यापलीकडे झाडाखाली, आणि सही मात्र त्यांची! अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते, हे आशाताईंनी घोकून घेतलेलं, तेच मी म्हटलं. मुलगी आत जाऊन आली आणि फॉर्म मुकाट्याने माझ्याकडे सरकवला.

प्रत्यक्ष काम थोडक्यात आटोपलं. त्याच वेळी तांबीही बसवली. पुढची विचारपूस फोनवरच झाली.

बिलात पीपीई किटचे पैसे वेगळे लावले होते. ते मात्र यांनी काचेबाहेरून घासाघीस करून कमी करून घेतले.