माळ्यावरचं खोकं
परवा गणेश चवथीची साफसफाई करताना फोंड्याच्या घरी माळ्यावरून डीव्हीडीचं खोकं खाली काढलं आणि अर्धा दिवस तिथंच गेला. व्हीएचएस कॅसेटी तर गेल्यातच, टेपवर पांढरी बुरशी, आपल्या गोव्याच्या पावसात दुसरं काय होणार, आणि त्या लावायला मशीन तरी कुठाय, जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्येच व्हीसीआर बनवणं बंद केलं, त्यांच्यानंतर कोणी बनवलेच नाहीत.

पण डिस्क बऱ्याच धड दिसतायत! मराठी नाटकांच्या व्हीसीडी, कोकणी तियात्रांच्या (म्हणजे आपली गोव्याची गाण्यांची नाटकं), पणजीहून बाबांनी आणलेल्या. ह्यातलं निम्मंअधिक मला कुठल्याच ॲपवर सापडत नाही, शोधलंय मी. आणि जे सापडतं ते टिकतं कुठं? आईचा आवडता एक जुना सिनेमा मी ॲपवर यादीत ठेवला होता, महिन्याभरानं बघायला बसलो तर गायब, हक्कांचा करार संपला की काढून टाकतात, आपण पैसे भरतो ते फक्त बघण्याचे, डिस्क मात्र आपली असते, शेजाऱ्याला देता येते.

नेटफ्लिक्सनं १९९८ मध्ये सुरुवातच पोस्टानं डीव्हीडी पाठवून केलेली, आणि २९ सप्टेंबर २०२३ ला त्यांनीच शेवटची डिस्क पाठवली. वाचून खरंच वाईट वाटलं.

आता एक चालू प्लेअर शोधतोय. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या सामानात बघतो, तुमच्याकडे कोणाकडे असेल तर सांगा.